पारख तालमीत येते: आत्मिक वाढीतल्या या चुका टाळा

पवित्र शास्त्रातल्या इब्री लोकांस पत्राच्या 5व्या अध्यायात लेखक वाचकांना चांगलेच खडसावतो. एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवे होते आणि तुम्हाला अजून दूधच लागते, असे तो म्हणतो. जड अन्न कोणाला पचते? बरे-वाईट ओळखण्याचा ज्यांच्या इंद्रियांना सराव झाला आहे त्यांना (5:14). या सरावासाठी तिथे वापरलेला ग्रीक शब्द व्यायामशाळेतला आहे. ‘जिम्नॅशियम’ त्याच कुळातले. सोलापूरकराला हे फार समजावून सांगायला नको. आखाड्याच्या कडेला वीस वर्षे बसून कोणी पैलवान होत नाही. तरीही बाप्तिस्म्याला किती वर्षे झाली यावर परिपक्वता मोजली जाते. ही पहिली चूक, आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्याच पोटातून निघतात.

वचन तोडून घेणे

नव्या वर्षाच्या उपासनेत वचनाचे कार्ड उचलले, यिर्मया 29:11 आले: हिताचे संकल्प, आशेचा शेवट. घरात आनंद. मुलाचा बारावीचा निकाल मनासारखा लागला नाही की तेच कार्ड टोचू लागते.

वचन खरेच आहे, पण पत्रावरचा पत्ता वाचायचा राहिला. हे पत्र बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या यहूदी बंदिवानांना लिहिलेले आहे. त्याच्या आदल्याच म्हणजे 10व्या वचनात 70 वर्षे थांबण्याची गोष्ट आहे. ते ऐकणाऱ्या कितीतरी जणांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. 5 ते 7 वचनांत तर घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, त्या शहरासाठी प्रार्थना करा असे सांगितले आहे. आणि 28वा अध्याय उघडा: हनन्या नावाचा संदेष्टा दोनच वर्षांत सगळे परत येईल म्हणून सांगतो. ऐकायला किती गोड! देवाने मात्र त्याला पाठवलेलेच नव्हते. हे दोन अध्याय एका बैठकीत वाचले तर खऱ्या आणि खोट्या आशेतला फरक असा कळतो की पुन्हा वेगळा धडा लागत नाही.

उपाय 20 मिनिटांचा आहे. वचन सापडले की पूर्ण अध्याय मोठ्याने वाचा. मग वहीत लिहा: कोण कोणाशी बोलतो आहे, मागच्या-पुढच्या दहा वचनांत काय आहे, आणि ही आज्ञा आहे, अभिवचन आहे की नुसती घडलेली हकिगत. त्यानंतर दुसरे भाषांतर पाहा. इथे सोलापूरची एक सोय आहे: तेलुगू किंवा कन्नड वाचणारे कोणीतरी घरात नाहीतर शेजारी असतेच. त्यांच्याकडून तेच वचन वाचून घ्या. जिथे अर्थ वेगळा लागतो तिथे घाई करू नका, पाळकांना विचारा.

“मनाला शांती वाटली” एवढ्यावर निर्णय

ही चूक भले भले करतात. योना देवापासून पळत होता, तरी तारवात त्याला गाढ झोप लागली होती. गेथशेमाने बागेत येशू पित्याच्या इच्छेच्या अगदी मध्यभागी होता, आणि त्याचा जीव अतिशय व्याकूळ झाला होता. अवघड जबाबदारी टळली की सुटल्यासारखे वाटते. त्यालाच आपण शांती म्हणून बसतो. गिदोनासारखी लोकर ठेवून खूण मागणाऱ्यांनीही शास्ते 6 पुन्हा वाचावे. काय करायचे ते देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितले होते.

समजा पुण्यात नोकरी मिळते आहे. प्रश्न एका ओळीत लिहा. त्यात खोटे कागद, कोणाला दिलेला शब्द मोडणे असे काही असेल तर तिथेच थांबा. त्यावर प्रार्थना करत बसण्याचे कारण नाही. मग आई-वडिलांचे औषधपाणी, कर्जाचा हप्ता, तिथली मंडळी (चर्च), रविवारची सुट्टी, हे सगळे मांडा. तिघांना विचारा, पण त्यांत एक जण तरी तोंडावर ‘नाही’ म्हणणारा असू द्या. मुदत असेल तर सात दिवस थांबून रोज सकाळी दोन ओळी लिहा. 16व्या शतकातल्या ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम इथे फार कामाला येतो: मन खचलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. एवढे करून दोन्ही वाटा चांगल्याच दिसल्या तर एक निवडा. निवडणे हे पाप नाही. आणि तीन आठवडे होऊनही ‘देव बोलत नाही’ असे वाटत असेल, तर उत्तर आधीच कळले आहे पण पटत नाही, असे तर नाही ना, हे एकदा तपासा.

फॉरवर्ड आणि फिरते उपदेशक

‘11 जणांना पाठवा, नाहीतर आशीर्वाद जाईल’ हे भीती घालणे आहे, पुसून टाका. चिन्ह खरे ठरले म्हणजे माणूस खरा, असेही नाही. अनुवाद या पुस्तकाचा 13वा अध्याय नेमके हेच बजावतो: चिन्ह घडले, तरी तो दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर ऐकू नका. पौलाच्या मंडळीत संदेष्टे बोलत आणि बाकीचे पारख करत (1 करिंथ 14:29). म्हणून प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही. हा उपदेशक कोणाला जबाबदार आहे? दानाचा हिशेब कोण बघतो? आरंभीच्या मंडळ्यांसाठी लिहिलेल्या ‘डिडाखे’ या छोट्या ग्रंथात तर फिरत्या प्रेषिताने पैसे मागितले की तो खोटा, असा सरळ नियम आहे.

एका बाबतीत मात्र थांबून विचार करायचीही गरज नाही. प्रार्थना झाली, आता इन्सुलिन किंवा टीबीच्या गोळ्या बंद करा, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. टीबीचे औषध मध्येच सोडले तर आजार उलटतो आणि त्याच गोळ्यांना दाद देत नाही. पौलाने तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर उपाय सांगितलाच होता, आणि लूक वैद्य होता.

प्रत्येक प्रश्नाला हो-नाहीचा नियम मागणे

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत शेजारच्या काकू प्रसाद घेऊन येतात. घ्यायचा का? 1 करिंथ 10:27-28 मध्ये पौल दोन गोष्टी सांगतो: जेवायला बोलावले तर चौकशी न करता खा; पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्यासाठी आणि विवेकासाठी खाऊ नका. म्हणजे आपल्याबरोबर कोण बसले आहे, आपल्या खाण्याचा तो काय अर्थ घेईल, हे पाहावे लागते. नको म्हणतानाही जीव लावता येतो: “काकू, नैवेद्याचं आम्ही घेत नाही, पण तुमच्या हातची भाकरी आणि शेंगाचटणी द्या, इथंच बसून खातो.” तिळगूळ घेणाऱ्याने न घेणाऱ्याला तुच्छ मानणे आणि न घेणाऱ्याने घेणाऱ्याला दोषी ठरवणे, रोमकरांस 14:3 प्रमाणे चूक ही आहे. ज्याची पारख फक्त दुसऱ्याचे दोष शोधते त्याने फिलिप्पै 1:9-10 वाचावे. तिथे पारख प्रीतीतून वाढते.

झेपणार नाही एवढे वाचन ठरवणे

उत्पत्तीपासून सुरुवात होते आणि लेवीयात गाडी रुतते. पवित्र शास्त्रात 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार लागतात, आणि पाळीत काम करणाऱ्याला किंवा विड्या वळणाऱ्या बाईला ते जमतेच असे नाही. मार्काचे शुभवर्तमान घ्या: 16 अध्याय, रोज एक, 15 मिनिटे. विड्या वळताना ऑडिओ लावला तरी चालते. नळाला पाणी आले त्या दिवशी वाचन बुडाले, तर दुसऱ्या दिवशी थकबाकी भरत बसू नका, त्या दिवसाचा अध्याय घ्या. आठवड्यातून एकदा घरसभेत एकमेकांना एवढेच विचारा: वाचलेल्यापैकी काय केले? उत्तर ‘काही नाही’ आले तर पुढे जाऊ नका, तोच अध्याय आणखी एक आठवडा ठेवा.