टॅक्सच्या ऑफिसात नवीन लागलात? सकाळी आधी कोणती फाइल उघडायची

बी.कॉम. करून किंवा सीएची आर्टिकलशिप घेऊन नागपुरातल्या एखाद्या कर सल्लागाराकडे लागलेली मुलं पहिल्या आठवड्यात हमखास एक काम करतात. एक्सेलमध्ये सगळ्या पार्ट्यांचा, म्हणजे ऑफिसच्या ग्राहकांचा, तक्ता बनवतात. इतवारीच्या पार्ट्यांना पिवळा रंग, गांधीबागच्या कापडवाल्यांना निळा, हिंगणा एमआयडीसीला हिरवा. तक्ता दिसतो झकास. तो होईस्तोवर दुपार होते आणि तोवर एकही रिटर्न पुढे सरकलेलं नसतं.

या तक्त्याची गरजच नाही, कारण महिन्याचं वेळापत्रक सरकारनं आधीच ठरवून दिलंय. ७ तारखेपर्यंत टीडीएसचा (पैसे देताना कापून ठेवलेल्या कराचा) भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), तिमाही रिटर्नवाल्यांची महिन्याची बिलं चढवायची असतील तर १३, १४ ला टू-बी (सप्लायरांनी आपल्या नावावर चढवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) तयार, १५ ला पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा), २० ला थ्री-बी (जीएसटी भरण्याचं महिन्याचं रिटर्न). एवढं कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवा. नियोजन संपलं. मुदतवाढ निघाली तर बोंब होतेच, ती आपोआप कळते.

खरा प्रश्न असतो तो आज सकाळी यातलं आधी काय घ्यायचं. नवीन माणूस ज्या पार्टीचा फोन आधी येतो तिचं काम आधी घेतो, किंवा जे सोपं ते घेतो. निल रिटर्न, म्हणजे व्यवहारच नसलेली, भराभर टाकून होतात, आकडा मोठा दिसतो, बरं वाटतं. त्याऐवजी कोणतं काम चुकलं तर किती रुपये जातील, ते मांडून बघा.

समजा मे महिन्यात कापलेला ४०,००० रुपयांचा टीडीएस ७ जूनऐवजी ८ जूनला भरला. व्याज महिन्याला दीड टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. कापल्यापासून मोजतात, म्हणून मे आणि जून असे दोन महिने, ३ टक्के, १,२०० रुपये. एका दिवसाच्या उशिराचे. आता तेवढीच ४०,००० ची जीएसटीची रोख रक्कम २० ऐवजी २१ ला भरली, तर १८ टक्के वार्षिक दरानं एका दिवसाचं व्याज २० रुपयांच्या आसपास आणि लेट फी ५० रुपये. म्हणजे ५, ६ आणि ७ तारखेला टीडीएसपुढे दुसरं काहीही मोठं नाही, जीएसटीवाली पार्टी कितीही ओरडो. मार्चमध्ये कापलेल्या रकमेला तेवढी ३० एप्रिलपर्यंत मुदत असते. चलान भरताना वर्ष आणि कलम दोनदा बघा. घाईत सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात, आणि भरलेला पैसा भरल्यासारखा दिसत नाही.

पैशांच्या हिशोबानंतर दुसरी कसोटी अशी: हे काम आपल्या एकट्याच्या हातात आहे, की कोणाच्या उत्तरावर अडणार आहे? अडणारं असेल तर ते सकाळीच काढायचं. एंट्री संध्याकाळी सातलाही मारता येते, पण समोरचा मुनीम सात वाजता बिलाचं बाड उघडत बसणार नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण टू-बीची आपल्या खरेदीशी जुळवणी. १४ तारखेला, फार तर १५ ला सकाळी ती हातात घ्यायची, १९ ला नाही. ऑफिसात शिरल्यावर मेल किंवा व्हॉट्सॲप न बघता हे करा. पोर्टलवरून टू-बीची एक्सेल उतरवा. टॅलीतून (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून) त्याच महिन्याचं पर्चेस रजिस्टर काढा, त्यात सप्लायरचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, करपात्र रक्कम आणि कर एवढे रकाने पुरेत. बिल नंबरावर थेट व्हीलूकअप (एक्सेलचं शोधायचं सूत्र) लावाल तर अर्धी बिलं जुळणारच नाहीत, कारण सप्लायरनं ‘२५-२६/०४१२’ लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे कोणीतरी नुसतं ‘४१२’ मारलेलं असतं. म्हणून जीएसटी नंबर अधिक बिलाचे शेवटचे तीन-चार आकडे असा जोड करून जुळवा. उरलेली बिलं कराच्या रकमेनं मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि वरची दहा घ्या. बहुतेक वेळा अडकलेल्या क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराच्या वजावटीचा, मोठा भाग त्यातच असतो. रुपया-दोन रुपयांच्या राउंडऑफच्या फरकांमागे लागू नका. नवीन मुलांचा अर्धा दिवस त्यातच जातो.

मग प्रत्येक फरकाचं कारण शोधायचं. बिल आपल्याकडे आहे पण टू-बीत नाही: सप्लायरनं जीएसटीआर-१ भरलाच नसेल, बिल दुसऱ्याच जीएसटी नंबरावर चढवलं असेल, किंवा तो तिमाहीवाला असेल आणि त्यानं १३ तारखेपर्यंत बिल टाकलं नसेल. टू-बीत आहे पण आपल्याकडे नाही: बिल अजून ऑफिसात आलं नसेल किंवा माल रस्त्यात असेल. सुरतचं कापड महिनाअखेरीला निघालं की हे होतंच, आणि माल हातात आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. तिसरी गोम कराच्या प्रकाराची. रायपूरहून लोखंड आलं तर आयजीएसटी लागतो. टॅलीत सवयीनं सीजीएसटी-एसजीएसटी मारलं असेल तर बेरीज जुळते आणि रिटर्न चुकतं.

सप्लायरला फोन करायचे ते या दहा बिलांपुरते. गोल गोल बोलू नका. ‘भाऊ, तुमचं ४१२ नंबरचं बिल टू-बीत आलं नाही जी, कर १८,००० आहे, कोणत्या नंबरावर टाकलं ते बघून आज सांगता का?’ एवढं पुरतं. ‘काही बिलं दिसत नाहीत’ असं मोघम बोललात तर उत्तरही मोघमच येईल. दुकानं उघडून मुनीम जागेवर बसला की लगेच फोन लावा, म्हणजे दिवसभरात उत्तर यायला वाव राहतो. तोवर दुसऱ्या पार्टीची जुळवणी चालू.

आणखी एक. जीएसटीआर-१ आता पूर्वीसारखी हलक्या हातानं भरायची गोष्ट राहिलेली नाही. जुलै २०२५ पासून थ्री-बीत आपोआप येणारा विक्रीचा कर हातानं बदलता येत नाही. चूक निघाली तर थ्री-बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए मधून दुरुस्त करावी लागते. म्हणून १० आणि ११ ला विक्रीची बेरीज टॅलीशी जुळवणं हे पहिलं काम, बाकी सगळं नंतर.

रोजची यादी कितीची करायची? वापरून झालेल्या कागदाच्या पाठीमागं तीन ओळी, त्याही आदल्या संध्याकाळी निघताना. पहिल्या ओळीत पार्टीचं नाव आणि नेमकी कृती: ‘लोहा ओळीतली पार्टी, टू-बी, वरची दहा बिलं.’ नुसतं ‘जीएसटी’ लिहिलंत तर सकाळी पुन्हा विचार करण्यात वेळ जातो. फाइल टेबलावर काढून ठेवूनच घरी जा. दिवसात साहेब मध्येच नोटीस आणून ठेवतात, कोणाला बँकेसाठी जुने रिटर्न हवे असतात. नोटिशीवर उत्तराची तारीख बघा. आजची नसेल तर हातातलं बिल संपवून मग उठा, आणि साहेबांना तसं सांगा. सांगितलं की सहसा कोणी रागवत नाही, न सांगता बाजूला ठेवलं की रागवतात.

थ्री-बीच्या दिवसांत ओटीपी विसरू नका. प्रोप्रायटर आणि भागीदारीवाल्यांचा ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो आणि मालक लग्नात असतो. आदल्या दिवशीच वेळ ठरवून घ्या. कंपनीचं असेल तर डिजिटल सहीचा टोकन ऑफिसात आहे का आणि तिची मुदत संपली नाही ना, हे १८ लाच तपासा. चलान १५ दिवस चालतं, तेव्हा ते आधीच काढून पार्टीला पाठवायला हरकत नाही. मात्र एनईएफटीनं भरणाऱ्यांना १८ पर्यंत पैसे टाकायला सांगा. रक्कम कॅश लेजरला (पोर्टलवरच्या पार्टीच्या खात्यात) दिसायला वेळ गेला तर २० ला पोर्टलच्या गर्दीत ताटकळत बसावं लागतं.

२१ नंतर ऑफिस शांत होतं आणि हेच दिवस वाया जातात. तेव्हा सकाळचं पहिलं काम टॅलीतलं सस्पेन्स खातं. ज्या बँक एंट्र्या कशाच्या आहेत ते कळत नाही, त्यांची तारीख आणि रक्कम पार्टीला पाठवायची, एका वेळी दहापेक्षा जास्त नाही. चाळीस पाठवल्या तर पार्टी एकाचंही उत्तर देत नाही.