डाऊन सिंड्रोमवाली मुलं मोठी झाल्यावर घरचे करतात त्या चुका (प्लीज टाळा)

पालकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून फिरून येतो. "दादा चाळिशीचा झाला, हल्ली गप्प असतो, वर्कशॉपला (अशा मुलांना काम देणारी जागा) जायचं नाव काढत नाही, डॉक्टर म्हणाले डाऊन्समध्ये होतंच असं." खाली सगळे हात जोडून मोकळे.

नाही होत असंच. जे काही नवीन दिसेल ते डाऊन्सच्या नावावर खपवणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक आहे. अल्झायमरचा धोका खरंच खूप जास्त असतो, मान्य, कारण या आजारात मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रोटीनचा जीन २१ नंबरच्या क्रोमोसोमवरच बसलाय आणि या मुलांकडे त्याची एक कॉपी जास्त असते. पण ते लेबल सगळ्या तपासण्या झाल्यावर लावायचं.

माझ्या भावालाही डाऊन्स आहे, तो जातो त्या वर्कशॉपमधला एक मुलगा, मुलगा कसला, चांगला चाळिशीचा बाप्या. हाक मारली तर बघेना, दुपारी कामावरच झोपायला लागला, पणत्या रंगवायचा ते सोडून नुसता ब्रश धरून बसायचा. एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर त्यातलाच) सांगून गोळ्या लिहिल्या, घरच्यांनी त्याचं वर्कशॉपला जाणं बंद करायचं ठरवलंसुद्धा. तिथल्या ताई हटून बसल्या, आधी कान दाखवा. दोन्ही कानात दगडासारखा मळ (यांच्या कानाची नळीच बारीक असते, मळ साचतोच). मग रक्त तपासलं तर टीएसएच भलताच वाढलेला (म्हणजे थायरॉईड कमी काम करतंय), आणि रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा म्हणून स्लीप स्टडी (झोपेतली तपासणी) केली तर स्लीप अ‍ॅप्निया निघाला. कान साफ, थायरॉईडची गोळी सुरू, रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून हवा देऊन श्वासनळी उघडी ठेवणारं). मास्क लावून घ्यायला जाम त्रास दिला त्याने, पण काही महिन्यांनी पठ्ठ्या परत पणत्या रंगवत होता आणि कॅरमवरून भांडतही होता.

थायरॉईड २१ व्या वर्षापासून दर १-२ वर्षांनी तपासायचं, लक्षणं असोत नसोत. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणाऱ्यांना काय म्हणावं, अहो गोळीमुळेच नॉर्मल आलाय ना तो! सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर द्या, चहा निदान अर्ध्या तासाने, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर.

दुसरी चूक मानेची. मानेचे वरचे दोन मणके धरून ठेवणारे लिगामेंट यांच्यात सैल असू शकतात, मणका सरकला तर मज्जारज्जू दाबला जातो. नीट चालणारा माणूस अडखळायला लागला, जिना टाळायला लागला, मान वाकडी धरायला लागला, कपड्यात लघवी व्हायला लागली, तर घरी म्हणतात हट्टीपणा करतो. हट्ट नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लहानपणी एक्स-रे चांगला होता हे सांगत बसू नका, त्याने आजची गॅरंटी मिळत नाही. कुठलीही भूल द्यायची असेल, अगदी दातासाठीसुद्धा, तर मानेचं आधी सांगायचं. आणि मान कडकन मोडून देणाऱ्या मालिशवाल्याकडे नेणारे शॉर्टकटवाले लोक माझ्या डोक्यात जातात.

बाकीचं पटापट. लहानपणी हार्टचं ऑपरेशन झालं म्हणजे विषय संपला असं नाही, हार्टवाल्या डॉक्टरांकडे जात राहा. जेवताना वारंवार ठसका लागतो, परत परत न्यूमोनिया होतो, तर गिळणं तपासून घ्या. चाळिशीनंतर पहिल्यांदाच फिट किंवा हातापायांना झटके आले तर न्यूरोलॉजिस्टकडे. अचानक चिडचिड, मारामारी सुरू झाली की आधी दात आणि पोट बघा, बद्धकोष्ठता फार असते. "दुखतंय का?" विचारलं तर बरेच जण नाहीच म्हणतात, म्हणून मी "कुठे ते बोट लावून दाखव" म्हणते.

नवीन पालक म्हणतात, ताई सगळ्या टेस्टची एक लिस्ट द्या ना, एकदा करून टाकतो. एकदा करून काय उपयोग, बदल कळायला आधी कसं होतं ते माहीत हवं. मी दर वाढदिवसाला भावाचा मोबाईलवर व्हिडिओ काढते: जिना चढताना, शर्टाची बटणं लावताना, सही करताना, आज काय केलंस ते सांगताना. डॉक्टर "असाच असेल आधीपासून" म्हणाले की वाद घालत नाही, गेल्या वर्षीचा व्हिडिओ लावून फोन त्यांच्या हातात देते.