मोबाइल ठेवून टेबलावर बसताना

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि ऑनलाइन पोकर खेळणाऱ्या आमच्या पुण्याच्या कंपूने पणजीची बस धरली. मांडवीतल्या कॅसिनो-बोटींवर मी आधीपासून समोरासमोर पोकर खेळते, म्हणून सगळे मलाच विचारतात. माझं उत्तर ठरलेलं: गणित तुम्हाला येतं, आता तोंड आणि हात शिकवा.

आधी तोंड. रेज करायचं, म्हणजे लावलेली रक्कम वाढवायची असेल, तर चिप्सला (पैशांऐवजीच्या चकत्यांना) हात लावण्याआधी ‘रेज, बाराशे’ असं स्वच्छ बोला. बोललेलं बांधील असतं. न बोलता थोड्या चिप्स पुढे सरकवल्या आणि मागून आणखी आणल्या, तर ती दुसरी खेप धरत नाहीत. ही स्ट्रिंग बेट. समोर कुणी दोनशेंची बेट लावलेली असताना गुपचूप हजाराची एकच चिप टाकलीत, तर तो नुसता कॉल, म्हणजे समोरच्याइतकेच दोनशे. यावर डीलरशी हुज्जत घालणारे मी खूप पाहिलेत. जिंकलेला एकही पाहिला नाही.

पत्ते आले की लगेच बघायचे नाहीत. शेजारी आपापले पत्ते बघतात तेव्हा त्यांचे चेहरे बघा, तुमचे पत्ते कुठे पळून जात नाहीत. पाळी आली की टेबलावरच कोपरे उचलून पाहा आणि वर एक चिप ठेवा, नाहीतर डीलर ते टाकलेले समजून ओढून घेईल. पाळीआधी फोल्ड करू नका, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडू नका. मोठी बेट लावताना ज्याचा हात थरथरतो, त्याला भित्रा समजू नका. बहुतेकदा त्याच्याकडे भारी पत्ते असतात.

खरा त्रास वेगाचा. ऑनलाइन एका टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव व्हायचे, वर तुम्ही चार टेबलं उघडायचात. इथे पंचवीस-तीस. तिसऱ्या तासाला एकाच रंगातले राजा-सत्ती देखणे दिसायला लागतात. दिसू देत, टाका. तेवढ्या वेळात पॉट, म्हणजे मधे जमलेली रक्कम, मनात जोडत राहा; नो-लिमिटमध्ये, म्हणजे बेटला कमाल मर्यादा नसलेल्या खेळात, डीलर बेरीज करून देत नाही. पत्ते न बघताच स्वखुशीने जादा बेट, म्हणजे स्ट्रॅडल, कोण लावतो, तेही टिपा.

जिंकलेल्या चिप्स मधेच खिशात घालता येत नाहीत, उठलात तरच. हरायची तयारी असेल तेवढीच रोकड न्या, कार्ड हॉटेलवर ठेवा. वय एकवीस पूर्ण हवं, ओळखपत्र मूळ लागतं. आणि एसी भयंकर असतो, स्वेटर न्या.