मेडिकलच्या गोळ्यांची सवय: या चुका टाळा

व्यसन म्हटलं की आपल्या खान्देशात तंबाखू नि दारूच आठवते. मेडिकलमधून आणलेल्या गोळीला कोणी व्यसन म्हणत नाही. मालेगाव-धुळ्याकडे ‘कुत्ता गोळी’ म्हणून चोरून विकली जाते ती बहुतेकदा अल्प्राझोलाम असते, आणि तीच गोळी डॉक्टर घबराटीवर लिहून देतात.

पहिली चूक म्हणजे जुनी चिठ्ठी वर्षभर चालवणं. अल्प्राझोलाम किंवा तिच्याच जातीची क्लोनाझेपाम रोज घेतली तर काही आठवड्यांतच शरीराला सवय लागू शकते. मग अर्धीची एक होते, एकीच्या दोन. अल्प्राझोलाम २०१४ पासून ‘एच-१’ या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे. दुकानदाराने चिठ्ठी पाहून वहीत नोंद करायची आणि ती वही तीन वर्षं ठेवायची, असा नियम आहे. ‘आपल्या ओळखीचा आहे, लगेच देतो’ याचं कौतुक कसलं करायचं?

याहून धोक्याची चूक म्हणजे एकदम सोडणं. सप्तशृंगीची शपथ घेऊन तंबाखू सोडता येते, या गोळ्या नाही. बरेच दिवस रोज घेऊन अचानक थांबवल्या तर हातपाय थरथरतात, झोप पार उडते, फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, त्याला कधी काही महिने लागतात. आणि गोळीवर दारू घेतली तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो.

रावेर-यावलला दिवसभर केळीचे घड वाहिल्यावर अंग ठणकणारच. पण त्यावर जी गोळी घेता ती ट्रामाडोल आहे का, हे पाकिटावर वाचा. ट्रामाडोल अफूच्या जातीचं काम करतं, २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आहे. शेजाऱ्याला बरं वाटलं म्हणून त्याच्याकडून मागून घेऊ नका.

डोकेदुखीचं उलटंच आहे. साधी पॅरासिटामॉल महिन्यात १५ दिवस, किंवा मिश्र (एकाहून जास्त औषधं असलेली) गोळी १० दिवस, असं तीन महिने चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. भुसावळच्या मे महिन्यात आधी पाणी प्या, सावलीत बसा. नाक मोकळं करणारे थेंबही पाच दिवसांच्या पुढे नकोत, नाक जास्तच चोंदतं. कोडीन (हेही अफूच्याच जातीचं) असलेलं खोकल्याचं औषध लहान मुलांना तर नकोच.

सवय लागलीय असं वाटलं तर घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, लपवू नका. फोनवर विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलीमानसचा १४४१६.