फुटबॉल खेळताना पोराचा घोटा मुरगळला तर

कोल्हापुरात पेठेपेठेत फुटबॉल, त्यामुळे मुरगळलेला घोटा घेऊन पोरगं घरी येणारच. आल्या आल्या तेल लावून चोळू नका, शेकूही नका. आत रक्त साकळत असतं, चोळल्यानं सूज वाढते. पहिले 48 तास बर्फच: पंच्यात गुंडाळून 15 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. उघडा बर्फ कातडी भाजतो.

क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर गुंडाळा, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर. अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही, किंवा बोटं गार, निळी पडली, तर लगेच सैल करा. झोपताना पाय दोन उशांवर.

चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल, तर एक्स-रे काढाच. वाढत्या वयात हाडाच्या टोकाची कूर्चा (वाढणारा मऊ भाग) अस्थिबंधापेक्षा (हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांपेक्षा) नाजूक असते. मुरगळल्यासारखं दिसणारं फ्रॅक्चर असू शकतं.

मैदानाची घाई नको. आधी दुखऱ्या पायावर 30 सेकंद तोल, मग लंगडी, मग वळणं घेत धावणं. हे न दुखता जमलं तरच बूट चढवू द्या.