या चुका टाळा: झिप केल्यावर जागा का वाचत नाही, आणि फाईल का उघडत नाही

संगणकाच्या सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की फोटोंचे फोल्डर झिप करून जागा मोकळी करण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. अर्धा तास थांबल्यावर तयार झालेली झिप फाईल जवळजवळ मूळ फोल्डरएवढीच निघते आणि मूळ फोल्डरही जागेवर असल्यामुळे डिस्क आधीपेक्षा जास्त भरते. अशा वेळी सॉफ्टवेअरला दोष दिला जातो. वास्तविक सॉफ्टवेअरने आपले काम चोख केलेले असते, पण त्या फोटोंमध्ये काढून टाकण्यासारखे काही उरलेलेच नसते.

झिप करणे म्हणजे फाईलमधली पुनरुक्ती शोधून ती थोडक्यात लिहिणे. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांनी 1977 मध्ये मांडलेल्या पद्धतीत, आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला तर तो पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा आणि तिथून इतकी अक्षरे उचल’ एवढीच खूण ठेवली जाते. डेव्हिड हफमन यांच्या 1952 च्या पद्धतीनुसार वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत आणि क्वचित येणाऱ्यांना लांब संकेत दिले जातात. फिल काट्झ यांनी या दोन्हींची सांगड घातली आणि झिपमध्ये आजही प्रामुख्याने तीच पद्धत वापरली जाते. मराठी मजकुराला तिचा विशेष लाभ होतो. युनिकोडच्या यूटीएफ-8 या प्रचलित मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे ‘मराठी’ या शब्दातील म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी या पाच चिन्हांना पंधरा बाइट लागतात. परंतु त्या पाचही चिन्हांचा पहिला बाइट एकच असतो आणि पाचपैकी चौघांचा दुसरा बाइटही एकच असतो. इतकी पुनरुक्ती असल्यामुळे लांबलचक मराठी मजकुराची साधी टेक्स्ट फाईल झिप केल्यावर अनेकदा चौथाईच्या आसपास येते.

याउलट जेपेग फोटो, एमपी3 गाणी आणि एमपी4 चित्रफिती तयार होतानाच संक्षिप्त झालेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या झिपमध्ये बहुधा जेमतेम एक-दोन टक्के जागा वाचते. ऑफिस 2007 पासूनच्या डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स फाईली तर मुळातच झिप असतात. अशा एखाद्या फाईलची प्रत करून तिच्या नावाचा शेवट ‘.झिप’ असा इंग्रजीत बदलला, तर आतले फोल्डर उघडून पाहता येतात. त्यामुळे झिप फाईल पुन्हा झिप करणे निरुपयोगी ठरते, आणि कधी कधी नोंदींच्या भरीमुळे आकार किंचित वाढतोही. दोनशे फोटो एकत्र बांधून एकच फाईल पाठवायची असेल, तर फोटोंची झिप अवश्य करावी. फक्त तिच्याकडून जागेची अपेक्षा ठेवू नये.

‘कॉम्प्रेस’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न क्रियांसाठी वापरला जातो आणि त्यातून बराच गोंधळ होतो. झिप उलगडल्यावर मूळ फाईल बाइटन्‌बाइट परत मिळते. जेपेगची गुणवत्ता कमी केली, तर काढून टाकलेला तपशील कायमचा जातो. बँकभरतीच्या ऑनलाइन अर्जात 20 ते 50 केबीचा फोटो मागितला जातो, तेव्हा काही उमेदवार फोटोची झिप करतात आणि अर्ज ती स्वीकारत नाही. काही जण गुणवत्ता इतकी उतरवतात की चेहरा ओळखू येत नाही. मोबाइलच्या 4000 गुणिले 3000 पिक्सेलच्या फोटोत एक कोटी वीस लाख ठिपके असतात, तर 200 गुणिले 230 पिक्सेलच्या फोटोत केवळ 46 हजार. म्हणून आधी लांबी-रुंदी कमी करावी. त्यानंतर गुणवत्तेला फारसा हात लावावा लागत नाही. मात्र हे सारे प्रतीवर करावे, मूळ फोटोवर नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवरही फोटो नेहमीप्रमाणे पाठवला तर तो लहान केला जातो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ स्वरूपात पोहोचतो.

सर्वांत क्लेशदायक चूक मात्र वेगळीच आहे, ती म्हणजे झिप न उलगडता आतल्या फाईलवर थेट काम करणे. समजा, गृहनिर्माण संस्थेचा ताळेबंद ईमेलने झिपमधून आला. विंडोजमध्ये झिपवर दोनदा क्लिक केले की ती साध्या फोल्डरसारखी दिसते, आतल्या फाईलवर क्लिक केले की तीही उघडते. प्रत्यक्षात त्या फाईलची एक प्रत तात्पुरत्या फोल्डरात काढून ती दाखवली जात असते. काही प्रोग्रॅम ती ‘रीड-ओन्ली’ असल्याचे सांगतात, काही मुकाट्याने त्या तात्पुरत्या जागीच सेव्ह करतात, आणि दुसऱ्या दिवशी झिप उघडली की जुनेच आकडे समोर येतात. तीन तासांची मेहनत अशी वाया गेलेली पाहणे फार वाईट असते. म्हणून झिपवर राईट-क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ निवडावे आणि उलगडलेल्या फोल्डरातच काम करावे. चूक आधीच झाली असेल, तर संगणक बंद न करता त्या प्रोग्रॅमची अलीकडच्या फाईलींची यादी लगेच पाहावी. कधी कधी ती प्रत सापडते.

झिप उघडतच नसेल, तर पहिला संशय अपुऱ्या डाउनलोडवर घ्यावा. झिपमधल्या फाईलींची मुख्य अनुक्रमणिका तिच्या शेवटी असते, त्यामुळे शेवटचा थोडासा भाग आला नाही तरी संपूर्ण झिप सदोष ठरते. पाठवणाऱ्याकडून आकार विचारून ताडून पाहावा आणि फाईल पुन्हा उतरवावी. आरएआर किंवा 7झेड या झिपसारख्याच दुसऱ्या प्रकारची फाईल असेल, तर जुन्या विंडोजला ती स्वतःहून समजत नाही. विंडोज 11 मध्ये ही सोय 2023 मध्ये आली, इतरांनी 7-झिप हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरावे. पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीचा (फाईली साठवण्याच्या जुन्या मांडणीचा) असेल, तर 4 जीबी किंवा त्याहून मोठी फाईल त्यावर मावत नाही, मग ड्राइव्हवर कितीही जागा रिकामी असो. ‘नाव फार लांब आहे’ असा संदेश आला, तर झिप सी ड्राइव्हवरच्या एखाद्या आखूड नावाच्या फोल्डरात नेऊन उलगडावी, कारण विंडोजमधील अनेक प्रोग्रॅम फोल्डरांसह संपूर्ण पत्त्याला 260 अक्षरांची मर्यादा मानतात. मराठी नावांच्या जागी विचित्र चिन्हे दिसली तर घाबरू नये; यूटीएफ-8 नावांची खूण झिपच्या मानकात 2006 मध्ये आली आणि जुने प्रोग्रॅम ती ओळखत नाहीत. आतला मजकूर शाबूत असतो.

आधार कार्ड किंवा बँकेची कागदपत्रे पाठवताना झिपला पासवर्ड लावणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. झिपची जुनी सांकेतिक पद्धत कमकुवत आहे, म्हणून एईएस-256 या अधिक मजबूत सांकेतिक पद्धतीचा पर्याय निवडावा. तसेच सर्वसाधारण झिपमध्ये पासवर्डशिवायही आतल्या फाईलींची नावे वाचता येतात. 7झेड प्रकारात नावे झाकण्याचा पर्याय मिळतो. पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नये, फोनवर सांगावा.

मूळ फाईली पुसण्याची घाई तर मुळीच करू नये. आधी 7-झिपमधील ‘टेस्ट’ ही आज्ञा चालवावी. ती प्रत्येक फाईल उलगडून तिची तपासणी-संख्या, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून काढून झिपमध्ये नोंदवलेला आकडा, जुळते का ते पाहते. 7झेडमध्ये अनेक फाईली सलग एकत्र दाबल्या जात असल्याने एका ठिकाणी बिघाड झाला तर पुढच्या अनेक फाईली हाती लागत नाहीत, तर झिपमध्ये प्रत्येक फाईल स्वतंत्र असल्यामुळे बाकीच्या बहुधा वाचवता येतात. म्हणून कुटुंबाच्या फोटोंसाठी जागेचा लोभ सोडून साधे फोल्डरच ठेवावे, आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढावी.