बांधावरच्या गावरान बोरी : उन्हाळ्यातली छाटणी आणि निगा

चैत्र-वैशाखात बोर पानं गाळते. कुंपणासाठी फेसाट्या म्हणजे काटेरी फांद्या तोडायचे दिवसही हेच. बोरीला फळ नव्या फुटीवर लागतं, त्यामुळे छाटणीने तिचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते बांधावरच्या सगळ्या बोरी एकाच वर्षी बुडख्यापासून साफ केल्याने. मग पुढच्या थंडीत कोल्हा, खोकड, उदमांजर, बुलबुल यांना त्या शिवारात खायला बोरं उरत नाहीत. कोल्हा मक्याची कणसं मोडतो हे खरं, पण तो आणि खोकड उंदीरही मारतात. उंदरांचा त्रास ज्यांनी भोगलाय त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

म्हणून यंदा तीनातली एकच बोर धरा. वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या धारदार करवतीने काढा, मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. कोयता चालवण्याआधी काटेरी गचपणात घरटं नाही ना, ते बघून घ्या. एखादा जाड वाळका खोड-फाटा धोक्याचा नसेल तर राहू द्या, त्याच्या ढोलीत पिंगळा बसतो. खाटीक पक्षी टोळ-किडे बोरीच्या काट्यांना टोचून ठेवतो, तेव्हा सगळे काटे साफ करण्याची हौस नको.

घाणेरी चढली असेल तर ती आधी मुळासकट उपटा. बोरीला ऊन हवं, सावलीत ती फळत नाही. बांध मात्र पेटवू नका. गवतासोबत बोरीच्या बुंध्याची सालही भाजते.

गावरान बोरीवर उमराण या मोठ्या फळाच्या बागायती जातीचा डोळा भरायचा, म्हणजे कलम करायचा मोह होतो. भरा, पण एखाद्याच झाडावर. बारीक, आंबटगोड बोरं पाखरांच्या चोचीत मावतात, उमराण मावत नाही.

पावसाळा सरताना बोर फुलते, तेव्हा तिच्यावर माश्या-मधमाश्यांची झुंबड असते. त्या दिवसांत तूर-कपाशीवर फवारणी करायचीच असेल तर वारा पडल्यावर, संध्याकाळी करा.

शेजारी बोरीची बाग असेल तर मात्र हिशेब बदलतो. फळमाशी गावरान बोरातही वाढते, तिची अळी गळालेल्या फळातून जमिनीत जाऊन कोष करते. अशा ठिकाणी किडकी बोरं वेचून नष्ट करा आणि उन्हाळ्यात झाडाखालची माती हलकी चाळवा, म्हणजे कोष उन्हात उघडे पडतात. बागेला लागूनच्या बांधावर नवी रानबोर लावूच नये.